यादीतली दहावी ओळ

आई,

आज संध्याकाळी मैदानावरून घरी आले तेव्हा जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. वय छत्तीस, खांद्याला बॉलची जाळी, गळ्यात शिट्टी, आणि समोरच्या काकू दार उघडून बघतायत की हिला आज झालंय तरी काय. झालंय ते असं, की माझ्याकडे एक मुलगी आली आहे. तू गेलीस तेव्हा मी नोकरी शोधत होते, त्यामुळे तुला माहीत असायचं कारण नाही, पण मी इथे पुण्यात एका कॉलेजच्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत उंच मुली पाहिल्या, कष्टाळू पाहिल्या, हट्टी तर ढिगाने पाहिल्या, पण ही वेगळीच आहे. सतरा वर्षांची, सोलापूरकडची, पहिल्या वर्षाला, अंगाने नुसती काडी. बॉल तिच्या हातात आला की ती पास देते तो जिथे कोणीच उभं नाही तिथे, आणि मी कपाळाला हात लावणार तेवढ्यात आमचीच कोणीतरी तिथे पोचलेली असते. आज तिने असे सहा पास दिले. सहाव्याला मी शिट्टी वाजवायची विसरले आणि पोरी खेळ थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. तू तिथे असतीस तर माझा दंड घट्ट धरला असतास, तुझी ती सवय मला अजून आठवते, निळं पडायचं.

आता अडचण सांगते. उद्या दुपारपर्यंत संघाची यादी द्यायची आहे. बारा नावं. अकरा लिहून झाली आहेत, बाराव्या ओळीवर पेन थांबलं आहे. यंदाचा माझा संघ असा आहे की पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. पाच जणी शेवटच्या वर्षाला आहेत, तीन वर्षं एकत्र खेळल्या आहेत, एकमेकींच्या अंगावर न बघता बॉल फेकतात. यंदा आम्ही विद्यापीठाची स्पर्धा जिंकू शकतो, आणि हे मी उगाच म्हणत नाही. आमचे विभागप्रमुख म्हणतात, त्या पोरीला यंदा बाजूला ठेवा, सराव करू दे, खाऊ दे, अंग भरू दे. विद्यापीठाकडून खेळायला मोजकीच वर्षं मिळतात, नाव यादीत गेलं की त्यातलं एक खर्ची पडलं. पुढच्या वर्षी या पाच जणी गेल्या की हीच संघ उभा करील. आणि माझी कॅप्टन परवा मला वाटेत अडवून म्हणाली, "मॅम, तुम्ही पुढच्या वर्षाचं बोलताय. आम्हाला पुढचं वर्ष नाहीये." हेच वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुझ्या समोर उभं राहून एकीने म्हटलं होतं, रियाधमध्ये, आणि तेव्हा मी बाकावर बसले होते.

म्हणून तुला लिहायला बसले. हा निर्णय तू एकदा घेतला आहेस. माझ्याच बाबतीत घेतला आहेस.

गुरुवारची दुपार आहे. तेव्हा तिकडे रियाधला गुरुवार-शुक्रवार सुट्टी असायची. बाबा अल सुलैच्या गोदामातलं गुरुवारचं अर्ध्या दिवसाचं काम आवरून घाईघाईने आले आहेत, अंगावर अजून खोक्यांची धूळ आहे, आणि आपण तिघं गाडीतून तुझ्या हॉस्पिटलच्या क्वार्टर्सकडे निघालो आहोत. तू तिथे फिजिओथेरपिस्ट, आणि दुपारची अस्रची नमाज झाली की संध्याकाळच्या मगरिबपर्यंत तिथल्या नर्सेसच्या बास्केटबॉल संघाची कोच. उंच भिंतीच्या आत, बायकांचा वेगळा हॉल. दारात शिरल्या शिरल्या सगळ्या जणी आपापला पायघोळ अबाया उतरवून खुर्च्यांवर टाकतात आणि खाली जर्सी, शॉर्ट्स, गुडघ्याला पट्टे. पाच मिनिटांपूर्वी बसमधून उतरलेल्या त्या सगळ्या सारख्या दिसणाऱ्या काळ्या आकृतींमधून एकदम लाल, निळ्या, पिवळ्या बायका बाहेर पडतात आणि ओरडायला लागतात. मला दर वेळी तेच बघायला आवडायचं. बाबांना आत यायची परवानगी नव्हती. ते बाहेर गाडीत चहाचा थर्मास घेऊन बसायचे आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या आरड्यावरून स्कोअर ओळखायचे. "आज दुसऱ्या हाफमध्ये मागे पडलात ना? आवाज बसला होता," असं म्हणायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचे. आपल्या बायकोने शिकवलेल्या संघाची एकही मॅच त्या माणसाने डोळ्यांनी पाहिली नाही, पण मोसमभराचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता.

तुझ्या संघात बहुतेक सगळ्या फिलिपिनो नर्सेस. त्यांना बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडे क्रिकेट तसं. आयसीयूत बारा तास उभं राहून यायच्या आणि बॉल हातात आला की थकवा कुठे जायचा कोण जाणे. त्यांची कॅप्टन आयसीयूतलीच, चाळिशीची, ठेंगणी, आधी जेद्दाला सात वर्षं काढून मग रियाधला आलेली. तिच्या घरी तिची दोन मुलं आजीपाशी वाढत होती. ती तुला 'सिस्टर' म्हणायची आणि तू तिला. तिचं कंत्राट त्या वर्षी संपणार होतं, नूतनीकरण तिने नाकारलं होतं, मोसम संपला की पंधरा दिवसांत तिचा फायनल एक्झिट, कायमचं घरी. आणि त्याच वर्षी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तुमचा संघ जिंकत सुटला होता.

मी अकरावीत. तीन महिन्यांत चार इंच वाढलेली, हात-पाय कुठे ठेवायचे ते न कळणारी, पण बॉल बास्केटमध्ये टाकता येत होता, आणि कसा येत होता ते तुलाही कळत होतं. हॉस्पिटलांच्या त्या लीगचा नियम असा होता की स्टाफच्या मुलींपैकी एकीला संघात घेता येईल, पण त्या मुलीला आयुष्यात एकच मोसम. नर्सेसची लीग आहे, शाळकरी पोरींची नाही, असं त्यांचं म्हणणं. एक मिनिट जरी मैदानात उतरलं तरी मोसम खर्च. मी सप्टेंबरपासून तुझ्या मागे लागले होते. आणि तू एका सकाळी स्वयंपाकघरात, थालीपीठ थापता थापता, माझ्याकडे पाठ करून सांगितलंस की यंदा नाही. यंदा नुसता सराव. पुढच्या वर्षी, बारावीत.

मी तेव्हा जमिनीवर बसले होते, पाय लांब करून, डाव्या गुडघ्यावर फ्रोझन वाटाण्याची पिशवी. वाढीच्या वयातलं दुखणं, वाटीच्या खाली टेंगूळ. तू रोज सरावानंतर मला तिथेच बसवायचीस, बोटाने नेमकी जागा दाबायचीस, "इथेच ना?" म्हणायचीस आणि वाटाणे ठेवायचीस. त्या वाटाण्यांची उसळ कधी झाली नाही, ते गुडघ्याचेच वाटाणे होते. मी भडकले. इंग्रजीत भडकले, कारण शाळेत आम्ही सगळं इंग्रजीतच करायचो. तू उलथनं वर केलंस आणि म्हणालीस, "भांडायचं तर मराठीत भांड. मला उत्तर देता आलं पाहिजे." मग मी मराठीत भांडले, आणि माझं मराठी इतकं तोकडं होतं की मधेच तूच मला शब्द पुरवायला लागलीस. "अन्याय म्हण," म्हणालीस. "पक्षपात नाही, पक्षपात वेगळा."

मी म्हटलं, "तू सगळंच ठेवून देतेस. डिनर सेट ठेवलायस, मिक्सर ठेवलायस, ते चादरींचं खोकं. आता मलाही पलंगाखाली ठेव." हे लागलं तुला. आपल्या पलंगाखाली ती खोकी होतीच ना, तिकडच्या प्रत्येक घरात होती. चांगलं काही घेतलं की ते इंडियात गेल्यावर वापरायचं, तोवर रोजच्याला प्लॅस्टिकच्या ताटल्या. तू तव्यावरचं थालीपीठ उलटलंस. मग म्हणालीस, "डिनर सेट वाढत नाही. तू वाढतेयस. यंदा तुला खेळवलं तर तू दहा मिनिटं खेळशील, कुणाच्या तरी बदली. पुढच्या वर्षी चाळीस मिनिटं खेळशील. मला चाळीस हवीत." मग त्या शुक्रवारी बथाच्या बाजारातून तू मला एक लाल टी-शर्ट आणून दिलास. तुझ्या हॉस्पिटलातल्या एका अमेरिकन डॉक्टरबाईंनी तुला सांगितलं होतं की त्यांच्याकडे कॉलेजात नव्या, गुणी खेळाडूला मुद्दाम एक वर्ष राखून ठेवतात. ती सगळा सराव करते, मॅच खेळत नाही, आणि तिच्या खेळायच्या वर्षांतलं एकही कमी होत नाही. सरावाला ती लाल शर्ट घालते. तुला ही कल्पना इतकी आवडली होती की तू ती मला दोनदा सांगितलीस, बाबांना तीनदा. मी शर्ट घेतला, फेकला, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला घालून गेले.

आणि काय मोसम होता तो. आज मी कोच म्हणून जे काही वापरते त्यातलं निम्मं त्या बाकावर बसून उचललेलं आहे. समोरची डावीकडे वळताना खांदा आधी टाकते, ही बाई दमली की बॉल एकाच हाताने धरते, आपली कॅप्टन पास द्यायच्या आधी दुसरीकडेच बघते, हे मला सगळं दिसायला लागलं. मी वहीत लिहायचे. चौथ्या मॅचला तू माझी वही मागून घेतलीस आणि हाफटाइमला त्यातलं एक वाक्य तसंच्या तसं संघाला सांगितलंस. त्या दिवशी मी घरी जाईपर्यंत हवेत होते. पण शिट्टी झाली की पाच जणी आत जायच्या, मी खुर्चीवरच्या अबायांच्या ढिगाशेजारी, आणि जे त्या आत करतात ते मला येतं की नाही हे मला कळायचा काही मार्ग नव्हता. दर आठवड्याला समोरच्या बायका मला थोड्या उंच, थोड्या रुंद दिसायला लागल्या. हे मात्र मी वहीत लिहिलं नाही.

यादी तू दर वेळी हाताने लिहायचीस. दहा ओळींचा कागद. त्या लीगमध्ये एक गमतीचा रिवाज होता: मॅच चालू असतानाही रिकाम्या ओळीत नाव घालता यायचं, कारण नर्सची ड्युटी कधी सुटेल याचा नेम नाही, कुणी दुसऱ्या हाफला धावत यायची, कुणी शेवटच्या पाच मिनिटांना. बाकीचे कोच दहाच्या दहा ओळी भरून टाकायचे, कोणी येवो न येवो. तू नऊच भरायचीस. दहावी ओळ रिकामी. मी विचारलं तर म्हणालीस, "असू दे." मला वाटायचं ती मला चिडवायला आहे.

सेमीफायनल जिंकलो त्या दिवशी कॅप्टन तुझ्यापुढे उभी राहिली. मी बॉल गोळा करत होते, पण कान तिकडेच. ती म्हणाली की सिस्टर, फायनलला आपली एक जण ड्युटीवर आहे, एक सुट्टीवर घरी गेली आहे, आपण सातच जणी आहोत. मुलीला यादीत घे. तू म्हणालीस, तिला पुढचं वर्ष आहे. ती हसली नाही. ती म्हणाली, "सिस्टर, इथे कुणालाच पुढचं वर्ष नसतं. कफीलला वाटलं, त्याने व्हिसा वाढवला, तर असतं. माझं तर खलास. हेच वर्ष." तू तिला काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नाही, पण तुझा चेहरा मी पाहिला. तुला ती बरोबर वाटत होती. आज त्याच जागी मी उभी आहे म्हणून सांगते, तो चेहरा मला आता आतून माहीत आहे. ज्या संघाला यंदाच संधी आहे त्याला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणं हा त्या बायकांवरचा अन्याय आहे. बघ, अन्याय म्हटलं, पक्षपात नाही. आणि काडीसारख्या पोरीला त्यांच्यासाठी खर्च करून टाकणं हा तिच्यावरचा. दोन्ही एकदम खरं आहे, आणि यादीत ओळ एकच.

फायनल. हॉल इतका भरलेला की अबाया ठेवायला जागा नाही, बायका ते डोक्यावर गुंडाळून उभ्या. समोरचा संघ मोठ्या हॉस्पिटलचा, दहा जणी, सगळ्या ताज्या. आपल्या सात. मी लाल शर्ट घालून बसले होते, कोणी सांगितलं नव्हतं तरी. पहिला हाफ आपण दोनने पुढे. कॅप्टन त्या दिवशी जे खेळली ते मी आजही मुलींना हावभावासकट करून दाखवते. तिच्याहून हातभर उंच बाईच्या काखेखालून निघायची आणि उलट्या हाताने बॉल टाकायची, आणि परत येताना प्रत्येक वेळी तुझ्याकडे बघून "यल्ला" म्हणायची, जणू तूच तिला उशीर करते आहेस. दुसऱ्या हाफमध्ये आपल्या एकीचा घोटा मुरगळला. सहा. मग एकीचे पाच फाऊल झाले, ती बाद. पाच. आणि साडेतीन मिनिटं राहिली असताना, आपण पाचने पुढे असताना, दुसरीचे पाच फाऊल झाले.

चार. मैदानात आपल्या चार जणी, त्यांच्या पाच. रेफ्रीने टेबलाकडे बघितलं, टेबलावरच्या बाईने तुझ्याकडे. तू टाइमआउट घेतलास. मग तू पेन उचललंस. पूर्ण हॉल बघत होता. तू पेनाचं टोपण काढलंस, यादी हातात घेतलीस, माझ्यापाशी आलीस, माझ्यासमोर उकिडवी बसलीस, काहीतरी विचारलंस, माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. मग उठलीस, पेनाला टोपण लावलंस, टेबलाशी जाऊन म्हणालीस की मुलीला दुखापत आहे, आम्ही चौघी खेळू.

त्या साडेतीन मिनिटांचं वर्णन मी करायला बसले तर सकाळ होईल. चार जणी काय धावल्या, आई. जिथे पाचवी असायला हवी तिथे प्रत्येक वेळी कॅप्टन पोचत होती. चार गुण गेले, एक राहिला. मग त्यांनी शेवटच्या मिनिटाला दोन गुणांची बास्केट टाकली आणि एकने पुढे गेल्या. शेवटचे आठ सेकंद, बॉल कॅप्टनकडे, तिच्यावर दोघी, आणि उजव्या कोपऱ्यात आपलं कोणीच नाही, पूर्ण मोकळी जागा, त्या जागेवरून मी सरावात दहातले आठ टाकायचे. तिने त्या कोपऱ्याकडे बघितलं. खरंच बघितलं. मग स्वतःच मारला. रिंगवर आदळून बाहेर. एका गुणाने हरलो आणि हॉल असा ओरडला की बाहेर बाबांना वाटलं आपण जिंकलो. ते गाडीतून उतरून फाटकापाशी जिलेबीचा डबा घेऊन उभे होते.

कॅप्टन तुझ्याकडे न येता अबाया घालून सरळ बसमध्ये बसली. पंधरा दिवसांनी ती गेली तेव्हा विमानतळावर तू गेलीस, आणि आल्यावर इतकंच म्हणालीस की ती भेटली, बरी आहे. संघातल्या बाकीच्यांनी तुला हट्टी ठरवलं. पोरीचा मोसम राखायला बाईने कप घालवला. हे तुझ्या कानावर आलं होतं, मला माहीत आहे, कारण माझ्याही आलं होतं. तू त्यावर कधी एक शब्द बोलली नाहीस.

पुढच्या वर्षी मी खेळले. जुन्या निम्म्या गेल्या होत्या, नव्या आलेल्यांना धड ड्रिबल येत नव्हतं. सात मॅचेस, सहा हरलो. मी प्रत्येक मॅचला चाळीस मिनिटं खेळले, तू म्हणाली होतीस तशी, आणि पहिल्या दोन मॅचेसमध्ये बॉल आला की लगेच दुसरीला देऊन टाकायचे, तिसरीपासून स्वतः मारायला लागले. तिसऱ्या मॅचला मला कळलं की त्या समोरच्या बायका माझ्याएवढ्याच आहेत. सातवी जिंकलो तेव्हा तू मला उचलायला बघितलंस आणि आपण दोघी पडलो. ते वर्ष माझं तुझ्याबरोबरचं सगळ्यात आनंदाचं वर्ष आहे, हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. मग आपण इकडे आलो, खोकी उघडली, आणि पाच वर्षांत तू गेलीस. त्या डिनर सेटमध्ये मी रोज जेवते. दोन ताटल्यांचे टवके उडालेत, पण रोज जेवते.

तेव्हापासून मी ही गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल. मुलींना, कोचेसच्या शिबिरात, एकदा तर व्यासपीठावरून. आमची आई अशी, फायनलला चार जणी खेळवल्या पण माझा मोसम मोडला नाही. लोक हसतात, कोणी म्हणतं काय शिस्त, कोणी म्हणतं काय हट्ट. आज सकाळीही मी त्या सोलापूरच्या मुलीला हीच गोष्ट सांगणार होते, तिला बाजूला ठेवायची तयारी करायला. तोंड उघडलं होतं. तर तीच म्हणाली, "मॅम, एक विचारू? मला घेतलं आणि मी घाबरले तर?" मी म्हटलं, घाबरलीस तर काय, खेळायचं. आणि पुढे माझी गोष्ट काही सुरूच झाली नाही. संध्याकाळी तिचे ते सहा पास बघितले, आणि इथवर लिहून होईतो माझं ठरलं. बाराव्या ओळीत नाव लिहिलं आहे, आत्ताच, तुला लिहिता लिहिता मधे उठून. लहान मॅचेसमध्ये तिला खेळवणार आहे, पाच मिनिटं, सात मिनिटं, म्हणजे समोरच्या बायका तिला वेळेवर तिच्याएवढ्या दिसू लागतील. तिचं एक वर्ष खर्च होईल. तुझं चाळीस मिनिटांचं गणित चुकीचं नव्हतं, मी त्याचा पुरावा आहे. पण बाकावर बसून मी जितका खेळ शिकले तितकी भीतीही शिकले, आणि तो भाग तुझ्या गणितात नव्हता, कारण तो मी तुझ्यापासून लपवला होता.

आता जे शंभर वेळा सांगितलं नाही ते. हे पत्र मी त्या लाल शर्टाच्या घडीत ठेवून देणार आहे, तो अजून आहे माझ्याकडे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. त्या टाइमआउटमध्ये तू माझं नाव लिहायला आली होतीस. पेन उघडं होतं. तू तुझा सगळा निर्णय, लाल शर्ट, चाळीस मिनिटं, सगळं मोडायला तयार होऊन माझ्यासमोर बसली होतीस आणि तेव्हा मला कळलं की दहावी ओळ तू मोसमभर कुणासाठी मोकळी ठेवली होतीस. तू विचारलंस, "उतरतेस?" आणि मी म्हटलं, "गुडघा दुखतोय." डावा दोन महिने दुखला नव्हता. तू विचारलंस, "कुठला?" आणि मी घाईत उजवा धरला.

तू उजव्या गुडघ्यावर हात ठेवलास, "बरं" म्हणालीस आणि टोपण लावलंस. आणि घरी आल्यावर, बाबा समोर बसले असताना, फ्रीजमधून वाटाण्याची पिशवी काढून तू ती माझ्या उजव्याच गुडघ्यावर ठेवलीस.